खर्चाचा तक्ता

निकालपत्र तेवीस पानी.
मला लागतं शेवटचं पान, त्यातली शेवटून दुसरी ओळ:
'दावा खर्चासह नामंजूर.'
खाली साहेबांची सही, शिक्का,
आणि मग माझं काम, हुकूमनामा.
त्याच्या पाठीवर तक्ता आखायचा,
डावीकडे वादी, उजवीकडे प्रतिवादी.

वादी दस्तगीर अत्तार, तंबोरे करणार, राहणार मिरज.
प्रतिवादी भूपाल मगदूम, गिरणीवाले,
राहणार तिथंच, भिंतीला भिंत.
मागणं एवढंच
की अकरा ते चार गिरणी बंद असावी,
कारण जवारी काढायला ऐकू यावं लागतं.
घोडीवर कानस फिरवायची, थांबायचं, तार छेडायची,
पुन्हा केसभर.
पट्ट्याच्या घरघरीत तो केस सापडत नाही.

कमिशनर मोजायला आले तो सोमवार.
सोमवारी आमच्या पेठेत वीज नसते.
'आवाज आढळून आला नाही', सहीनिशी.
त्यांचे पंधराशे वादीने भरलेले,
म्हणून डाव्या रकान्यात. भरले त्याचे गेले.

उजवीकडे:
वकीलपत्रावरचं तिकीट, दहा.
अर्जांवरची तिकिटं, साठ.
साक्षीदार दोन, भत्ता चारशे.
वकील फी नियमाप्रमाणे तीन हजार
(मगदूमांनी खरे किती मोजले ते सगळ्या बोळाला ठाऊक,
तक्त्याला नाही).
किरकोळ पस्तीस.
एकूण तीन हजार पाचशे पाच,
वादीने प्रतिवादीस द्यावेत,
स्वतःचा खर्च स्वतः सोसावा.

आठ वर्षं. रोजनाम्यात मोजल्या, एकसष्ट तारखा.
एकसष्ट दिवस मगदूम शटर ओढून कोर्टात आले.
त्या दिवशी बोळ असा असायचा
की नळाचं थेंब थेंब ऐकू यावं,
मांजरीनं कौलावर पाऊल बदललेलं ऐकू यावं.
आणि ज्याला ते हवं होतं
तो इथं बाकावर,
पुकारा होईल म्हणून कान देऊन बसलेला.

हे कुठं लिहू? रकाना नाही.

पैसे आले नाहीत, दरखास्त आली.
तिचे एकशेऐंशी वर चढले.
बेलिफ जाऊन आला, अहवाल माझ्याकडंच:
कानशी, रंधे, पटाशा, कारागिराची हत्यारं, जप्त होत नाहीत.
तंबोरे दोन, गिऱ्हाइकांचे.
भोपळे सुके, सात. किंमत सांगता येत नाही.

परवा चाचा स्वतः आले.
नोटांना चंद्रसाचा वास.
मोजून ठेवल्या, मग तक्ता मागितला,
चष्मा पुसून ओळीओळीनं बोट फिरवत उतरले,
वर गेले, पुन्हा उतरले.
म्हणाले, बाई, बेरीज बरोबर आहे.
पावती घडी करून टोपीत ठेवली.
मी शेरा मारला: पूर्ण वसूल. दरखास्त निकाली.

संध्याकाळी दळणाचा डबा आणायला गेले.
शाळू. आठ वर्षं माझंही दळण तिथंच,
माझी घरघर त्या घरघरीत,
प्रतिवादी म्हणून कुणी माझं नाव घातलं नाही.
मगदूमांनी वजनासाठी गिरणी थांबवली.
झाकणाखाली पीठ अजून गरम,
आणि भिंतीपलीकडून एक तार.
मग कानशीचा ओढा, बारीक.
मग तीच तार, जराशी उघडलेली.

मगदूम बटणावर हात ठेवून उभे होते.
माझे पैसे झाले होते, सुटेही झाले होते.
मागं रांगेत अजून तीन डबे.